हातचा

दुसरीच्या वर्गात हातच्याच्या बेरजेचा सराव पाठ चालू होता आणि मी मागच्या भिंतीला टेकून, निरीक्षणाची वही मांडीवर घेऊन बसलो होतो. छात्राध्यापकाने तयारी चांगली केली होती. खोट्या नोटा, दहा-दहा काड्यांचे गठ्ठे, किमती लिहिलेल्या चिठ्ठ्या असे सगळे साहित्य त्याने बुटांच्या खोक्यात भरून आणले होते, आणि प्रस्तावना उगाच न लांबवता तो लगेच दुकानाच्या खेळाकडे वळला होता. मुलांनी दुकाने थाटली. कोणी किराण्याचे, कोणी बांगड्यांचे, कोणी भाजीचे. खिडकीशी बसलेल्या एका मुलाने मात्र दप्तरातून प्लॅस्टिकची पन्नी काढली, तिच्यात खडूचे तुकडे आणि चिमूटभर माती घातली, पन्नीची घडी केली आणि तळहाताखाली ती फरशीवर अशा सफाईने घोटायला सुरुवात केली, की त्याच्या खांद्याची लयसुद्धा मोठ्या माणसाची वाटावी. छात्राध्यापक गिऱ्हाईक म्हणून त्याच्यापुढे उभा राहिला, तेव्हा त्या मुलाने मान वर न करताच विचारले, "गुरुजी, तुमचा नेहमीचाच ना? चुना कमी?"

वर्ग हसला नाही.

हसला असता तर ही गोष्ट माझ्याही मनातून संध्याकाळपर्यंत गेली असती. मुलांच्या लेखी त्यात विनोद काहीच नव्हता. समोरच्या चौकातल्या पानठेल्यावर नवे गुरुजी मधल्या सुटीत काय घेतात, हे त्यांना जसे ठाऊक होते, तसेच पोषण आहारात आज खिचडी आहे की वरणभात, हेही ठाऊक होते. छात्राध्यापकाचे कान लाल झाले. पण त्याने स्वतःला सावरले, तो भाजीच्या दुकानाकडे वळला, सत्तावीस रुपयांची वांगी आणि पंधरा रुपयांचा सांभार, म्हणजे कोथिंबीर, घेतला, सात आणि पाच बारा, दोन खाली, हातचा एक, असे मुलांकडूनच वदवून घेतले आणि घंटेच्या आत पाठ संपवला. माझ्या वहीत 'शैक्षणिक साहित्याचा वापर', 'विद्यार्थ्यांचा सहभाग' आणि 'परिसराशी समन्वय' असे रकाने होते. तिन्ही ठिकाणी चांगला शेरा द्यावा लागावा, असाच तो पाठ होता.

मी अध्यापक विद्यालयात शिकवतो. आमच्याकडची मुले-मुली आंतरवासितेसाठी, म्हणजे प्रत्यक्ष शाळेत पाठ घेण्याच्या सरावासाठी, वैनगंगेच्या दोन्ही तीरांवरच्या जिल्हा परिषदेच्या शाळांत जातात आणि त्यांचे पाठ पाहत मी मोटारसायकलवर हिंडत असतो. धानाच्या बांध्या, तळ्याची पाळ, मोहाची दोन-चार झाडे, मग शाळा आणि शाळेच्या अलीकडे किंवा पलीकडे पानठेला, हा क्रम इथे सहसा चुकत नाही. पानठेला दिसायच्या आधी ऐकू येतो. खर्ऱ्यासाठी पन्नीत सुपारीची भरड, तंबाखू आणि ओला चुना एकत्र करून ठेलेवाला ती लाकडी पाटावर घोटत राहतो, सुपारी पन्नीच्या आत घासली जाते, हळूहळू तिचा रंग गडद होत जातो आणि चुन्याच्या उग्र वासात सुगंधी तंबाखूचा गोडसर वास मिसळतो. घोटायला वेळ लागतो, आणि सारी गंमत त्या वेळात असते. गिऱ्हाईक बाकावर बसते, धानाच्या भावाची चौकशी करते, मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेत, कोणते नाटक आहे ते विचारते, कोणाच्या पोराला कुठे नोकरी लागली ते ऐकते. आता काही ठेल्यांवर घोटायची विजेची यंत्रे आली आहेत, पण जाणकार मंडळी अजून हाताने घोटलेलाच मागतात. वीस रुपयांच्या घरातला एक खर्रा दिवसभरात चौघांत फिरतो, आणि दुसरा कोणीतरी आणणारच, अशी प्रत्येकाची खात्री असते.

त्या दिवशी पाठ संपल्यावर तो छात्राध्यापक हातपंपाशी माझ्याजवळ आला. त्याने चूळ भरली होती, तरी दातांच्या फटींत लालसर कण होते. "सर, हे ऑफिसात सांगू नका," म्हणाला. मी सांगणार नव्हतोच, कारण ऑफिसात सांगून काय होते ते मला माहीत आहे: हमीपत्र लिहून घेतात, त्यावर पालकाची सही आणायला सांगतात आणि तो कागद फाइलला लागतो. मी त्याला एवढेच विचारले, की हे सुरू कुठे झाले? मला वसतिगृह, नाहीतर कॉलेजातले मित्र, असे काही उत्तर अपेक्षित होते. तो म्हणाला, "बारावीपर्यंत मी सुपारी बी खाल्लो नव्हतो, सर. इथंच. पयल्या दिवशी मोठ्या गुरुजींनं आपल्या हातानं घोटून देल्ला. नाई कसं म्हनाव?" आणि मग थोडे थांबून, अधिक जपून, "तिथं बसलं तं ते सांगते सर. कोन्या पोराच्या घरी का चालू आहे, कोन्याले कसं वाचाले लावाव, सारं तिथंच सांगते. जो घेत नाई, त्याले कोनी हाक मारत नाई."

हे ऐकल्यावर माझी मोठी पंचाईत झाली. व्यसनाची जी कारणे आम्ही शिकवतो, वाईट संगत, कुतूहल, ताणतणाव, घरचे दुर्लक्ष, त्यांतले एकही इथे बसत नव्हते. हा मुलगा चांगल्या संगतीत खर्रा शिकला होता. पाठ टाचणात जे येत नाही, पाठ्यपुस्तकात जे मावत नाही, ते शिक्षकीपण त्याला मधल्या सुटीतल्या त्या दहा मिनिटांत मिळत होते: ओळीत न बसणाऱ्या मुलाला कामाला कसे लावायचे, माय मजुरीला गेली की घरी राहणारी मुलगी शाळेत कशी आणायची, घरी गोंडी किंवा छत्तीसगढी बोलणाऱ्या पोराला पहिल्या महिन्यात काय विचारायचे आणि काय विचारायचे नाही. आम्ही दोन वर्षे वर्गात बसवून जे नीट देऊ शकत नाही, ते त्याला तिथे मिळत होते, आणि देणारा हात पुढे करीत होता तेव्हा त्या हातात पन्नी होती.

मी स्वतः खात नाही. त्यात माझी पुण्याई काही नाही, सुपारीने मला लहानपणापासून ठसका लागतो. पण तंबाखूच्या वासाबद्दल मला खरोखर तिरस्कार वाटतो का, असे कोणी विचारले तर मला लगेच हो म्हणता येणार नाही. पहिलीत ज्या गुरुजींनी माझ्या मुठीवर आपली मूठ ठेवून पाटीवर अक्षरे गिरवून घेतली, त्यांच्या तळहाताला तंबाखू-चुन्याचा वास असे. अंगठ्याच्या पेरावर पांढरट कड असे आणि पाटी पुसताना ती कड पाटीवर उमटे. सदऱ्याच्या खिशात चुन्याची चपटी डबी असे आणि गुरुजी वाकले की ती पेनावर आपटून वाजे. पुढे इतकी वर्षे गेली, पण कुठल्या तरी एसटीच्या बाकावर शेजारच्या म्हाताऱ्याने तंबाखू मळायला घेतली, की मला एखादे अक्षर गिरवल्यासारखे वाटते आणि त्या वाटण्याचा मला रागही येतो. ज्यांनी मला वाचायला शिकवले, त्यांचे शेवटचे महिने नागपूरच्या दवाखान्यात गेले. काय झाले होते ते घरातली मोठी माणसे मुलांसमोर बोलत नसत. गालाला रुमाल लावलेला, एवढेच मला आठवते.

छात्राध्यापकांच्या खर्ऱ्याबद्दल बोलायचे तर त्यांच्या वाट पाहण्याबद्दल बोलावे लागते. दोन हजारनंतरच्या दशकात गावोगाव अध्यापक विद्यालये निघाली, तेव्हा बारावी, मग दोन वर्षे डी.एड. आणि मग नोकरी, असा सरळ हिशोब होता. त्यासाठी आमच्याकडे लोकांनी धानाचे शेत विकले, आणि डी.एड. झालेला मुलगा लग्नाच्या बाजारात वरचा धरला जाई. शिक्षणसेवकाला सुरुवातीला तीन हजार रुपये मानधन होते, तरी घरच्यांना ते पुढच्या पगाराची इसार वाटे. 2012 साली राज्याने शिक्षक भरती थांबवली. 2013च्या डिसेंबरात पहिली शिक्षक पात्रता परीक्षा झाली. 2017च्या डिसेंबरात भरतीसाठीची पहिली अभियोग्यता चाचणी झाली. मग भरतीचे पवित्र पोर्टल आले, प्राधान्यक्रम आले, न्यायालयाच्या तारखा आल्या, पात्रता परीक्षेतल्या गैरप्रकाराची अटकसत्रे 2021च्या डिसेंबरात वर्तमानपत्रांत आली. मानधन 2023 साली सोळा हजार झाले, पण ते मिळायला आधी नेमणूक लागते. दरम्यान कितीतरी विद्यालयांना कुलूप लागले. आमच्याकडे आजही जे येतात, त्यांच्यातले बरेच जण आधीच बी.ए. करून, पोलीस भरतीत धावून, तलाठ्याची परीक्षा देऊन आलेले असतात. त्यांचे वय वर्गातल्या बाकाला शोभत नाही आणि घरी त्यांच्या हाताला काम नसते.

अशा माणसाची दुपार फार लांब असते. रोवण्याच्या आणि कापणीच्या दिवसांत बापाबरोबर बांधीत उतरता येते, पण बाकीच्या वेळी सकाळी अभ्यासिका, दुपारी पानठेला आणि रात्री मोबाइलवर भरतीच्या अफवा, असा दिवस जातो. पानठेल्यावर निदान कोणी 'पुढे काय?' असे विचारत नाही, कारण बाकावर बसलेल्या सगळ्यांचे पुढे तेच असते. सप्टेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेवेतल्या शिक्षकांनाही, पाच वर्षांहून अधिक नोकरी उरली असेल तर, दोन वर्षांत पात्रता परीक्षा उत्तीर्ण होण्यास सांगितले. तेव्हापासून त्या बाकावरचे दृश्य आणखी बदलले आहे. वीस वर्षे नोकरी केलेले गुरुजी आणि त्यांच्या हाताखाली पाठ घेणारा छात्राध्यापक एकाच मार्गदर्शिकेवर डोके घालून बसतात, बालमानसशास्त्राचे पर्याय एकमेकांना विचारतात आणि उत्तर चुकले तर ज्याचे चुकले त्याने खर्रा आणायचा असतो.

मुलींबद्दल आम्ही बरीच वर्षे निश्चिंत होतो. मुली पानठेल्यावर दिसत नाहीत, म्हणजे मुली खात नाहीत, असा आमचा साधा तर्क. वसतिगृहाच्या अधीक्षिका बाईंनी एकदा सहज सांगितले, की सकाळी नळावर गर्दी का होते, हे कधी पाहिले का सर? काही मुली अर्धा-अर्धा तास दात घासत बसतात. नस, म्हणजे तंबाखूची तपकीर, घासतात. तपकिरीची ती छोटी डबी आजीच्या कमरेला असते, मग आईच्या, आणि मुलीच्या दाताला कीड लागली की घरातलेच कोणी म्हणते, लाव थोडी, ठणका थांबेल. ठणका थांबतोही. त्यानंतर ती न घासता सकाळ सुरू होत नाही. खर्रा खाणाऱ्या मुलाला निदान कोणीतरी रागावते. नस घासणाऱ्या मुलीला कोणी विचारतच नाही, कारण विचारायचे म्हटले की तिने ते करते म्हणून कबूल करावे लागते, आणि एकदा कबूल केले की तिच्या लग्नाची गोष्ट निघते. अधीक्षिका बाईंचे म्हणणे असे, की नस सोडणे त्या मुलींना जमेल, पण सोडायची आहे हे सांगायला त्यांना जागाच नाही. बाई म्हणतात ते मला पटते.

दारूचे मी इथे थोडक्यातच सांगतो, कारण तिच्यावर सगळे बोलतात. गडचिरोली जिल्ह्यात 1993 पासून दारूबंदी आहे. नदीपलीकडच्या चंद्रपूर जिल्ह्यात ती 2015 साली आली आणि 2021 साली उठली. त्यामुळे गडचिरोलीतल्या वडशाकडची पोरे पूल ओलांडून ब्रह्मपुरीच्या बाजूला कशाला जातात, हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. पण दारू पिऊन आलेला छात्राध्यापक लगेच ओळखू येतो, त्याच्यावर कारवाई होते, गावातल्या बायका त्याला शाळेच्या फाटकात उभे करीत नाहीत. बायकांनी एकजूट करून दारूची दुकाने बंद पाडल्याचा इथे मोठा इतिहास आहे. खर्ऱ्याविरुद्ध तसा मोर्चा निघणे अवघड, कारण मोर्चातल्या निम्म्या जणींच्या पदराला तपकिरीची डबी बांधलेली असते.

आमच्या विद्यालयाच्या दर्शनी भिंतीवर एक फलक आहे. त्यावर पेटलेली सिगारेट आणि तिच्यावर लाल फुली. तो फलक पाहून मला नेहमी वाटते, की हा कोणत्या गावासाठी रंगवला असेल? प्रौढांच्या तंबाखू सेवनाचे जे राष्ट्रीय सर्वेक्षण 2016-17 साली झाले, त्यात महाराष्ट्रात धूम्रपान करणारे 3.8 टक्के निघाले आणि धूर न काढता तंबाखू खाणारे-घासणारे 24.4 टक्के. सिगारेट ओढणारा छात्राध्यापक माझ्या पाहण्यात जवळजवळ नाही. कायदे मात्र भरपूर आहेत. 2003च्या कायद्याने शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकता येत नाही. 2012च्या जुलैमध्ये राज्याने गुटखा आणि पानमसाल्यावर बंदी घातली आणि पुढे सुगंधी तंबाखू व सुगंधी सुपारीही तिच्यात आली. तंबाखूमुक्त शाळेच्या निकषांप्रमाणे रस्त्यावर शंभर यार्डांची पिवळी रेघ मारायची असते. एका शाळेत ती रेघ मारण्याचे काम छात्राध्यापकांना दिले होते. ती मुले दोरी, रंग आणि ब्रश घेऊन निघाली, शंभर यार्ड म्हणजे किती मीटर याचा हिशोब त्यांनी चौथीच्या मुलांकडून करवून घेतला, रेघ अगदी सरळ आली, आणि पानठेला तिच्या पलीकडे, दोन हातांवर निघाला. ठेलेवाल्याने त्यांना पाणी पाजले. मग खर्राही दिला, रेघेच्या योग्य बाजूला उभे राहून.

मागच्या वर्षी दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांचे शिबिर आमच्याकडे आले होते. तपासणीची रीत सोपी होती. ते म्हणत, तोंड उघडा आणि स्वतःची तीन बोटे उभी, एकावर एक, दातांच्या मधून आत घाला. निरोगी माणसाची जातात. आमच्या मुलांची रांग हसत-खिदळत पुढे सरकत होती आणि एका मुलाशी येऊन थांबली. त्याची दोनच बोटे गेली, तिसरे दातांवर अडले. त्याने पुन्हा प्रयत्न केला, डोळे मिटून, जोर लावून. डॉक्टर मुलीने त्याचा हात हळूच खाली घेतला, विजेरीने आत पाहिले आणि गालाच्या आतल्या बाजूला बोट फिरवून शेजारच्या मुलीला पांढरट, ताठ झालेली त्वचा दाखवली. सबम्युकस फायब्रोसिस असे तिने कागदावर लिहिले. तिखट लागले की जळजळ होते का? होते. किती दिवसांपासून? बारावीपासून. वरण-पोळीचा घास लहान करून खातोस का? त्याने मान हलवली आणि मग आमच्याकडे पाहिले, कारण आम्हाला वाटत होते की तो मुळातच कमी जेवतो.

ती मुलगी त्याला जे समजावत होती, ते मी शेजारी उभा राहून ऐकले. हे सुपारीने होते. तंबाखू सोडली आणि नुसती सुपारी खाल्ली तरी होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सुपारीलाच कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातले आहे, तेही 2004 साली. आतली त्वचा तंतुमय होत जाते, जबडा आखडतो, जीभ पुरती बाहेर येत नाही, आणि झालेले नुकसान मागे फिरत नाही. खाणे थांबवले तर ते पुढे वाढण्याचे प्रमाण रोखता येते, व्यायामाने थोडे उघडते, आणि कर्करोगाचा धोका उरतो म्हणून तपासत राहावे लागते. तो मुलगा शांतपणे ऐकत होता. त्याने एकच विचारले, "मॅडम, पाठ घेता येईल ना?"

संध्याकाळी मी त्याच्या पाठांची वही कपाटातून काढून पाहिली. वेगवेगळ्या निरीक्षकांनी, वेगवेगळ्या शाळांत, वेगवेगळ्या शाईने त्याच्या वाचनाखाली जवळजवळ एकच शेरा लिहिला होता: आशय चांगला, उच्चार अधिक सुस्पष्ट हवेत. पहिलीच्या वर्गात 'अ' आणि 'आ' यांतला फरक शिकवताना शिक्षकाने तोंड किती उघडायचे, हे आम्ही फळ्यावर आकृती काढून शिकवतो. मुले शिक्षकाच्या ओठांकडे बघतात आणि मग आपले ओठ तसे करतात. त्या मुलाकडून कोणते 'आ' वर्गापर्यंत पोहोचत असेल, याचा मी बराच वेळ विचार करीत बसलो. तो आता खर्रा खात नाही असे सांगतो. खिशात बडीशेप ठेवतो. सकाळी दातांत आइस्क्रीमच्या काड्यांची चवड धरून जबड्याचा व्यायाम करतो, आणि काड्या एकेक करून वाढवत जायच्या असतात, हे त्याने मला गणिताच्या शिक्षकाच्या उत्साहाने समजावून सांगितले.

परवा अभ्यासक्रमातला अनुकरणाचा घटक शिकवायला घेतला. मानसशास्त्रज्ञ बांडुराने 1961 साली स्टॅनफर्डला केलेला तो बाहुलीचा प्रयोग: मोठ्या माणसाने बाहुलीला बडवलेले ज्या मुलांनी पाहिले, त्यांनी एकट्याने खेळताना तिला तसेच बडवले, तेच शब्द वापरून. वर्गाला तो पाठ असतोच, पात्रता परीक्षेत हमखास येतो. हातच्याच्या बेरजेचा पाठ घेतलेला तो छात्राध्यापक पहिल्या बाकावर होता आणि त्याने स्वतःहून उत्तर द्यायला हात वर केला. उत्तर अचूक दिले. बाहुलीच्या जागी पन्नी ठेवायला मी त्याला सांगितले नाही, ती त्याने ठेवलेली आहे हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होते. पण त्या पन्नीपर्यंत येणारी साखळी आमच्या पुस्तकात दाखवतात तशी दोन कड्यांची नाही. मुलाने छात्राध्यापकाचे पाहिले, छात्राध्यापकाने मोठ्या गुरुजींचे, मोठ्या गुरुजींनी बहुधा अशाच कोणा गुरुजींचे, ज्यांच्या तळहाताचा वास माझ्या नाकात अजून आहे. छात्राध्यापकाकडून हमीपत्र घेऊन ही साखळी त्याच्याशी तोडता येईल, असे आम्ही दरवर्षी समजतो.

शाळावाटपाची यादी करण्याचे काम यंदा माझ्याकडे आले आहे, आणि मी ठरवले की यादी करताना एक गोष्ट पाहायची. ज्या शाळेत मुख्याध्यापक खर्रा खात नाहीत, तिथे मुलांना आधी पाठवायचे. मुद्दा साधा होता. सहकाऱ्यांनी ऐकून घेतला आणि मग एकाने विचारले, की हा निकष कागदावर कसा लिहिणार? लिहायचा नाही, म्हटले, पेन्सिलने समासात खूण करायची. मी खुणा करायला बसलो. काही शाळांपुढे खूण सहज झाली. आमच्याच एका माजी विद्यार्थिनीची शाळा, जिथे मधल्या सुटीत सगळे शिक्षक मुलांबरोबर जेवतात. जंगलालगतची एक दोन शिक्षकी शाळा, जिथल्या गुरुजींनी भावाच्या आजारपणानंतर तंबाखू सोडली आणि पानठेल्याऐवजी शाळेच्या ओट्यावर चहाची किटली ठेवायला सुरुवात केली. त्यांच्याकडे छात्राध्यापक चहाला थांबतात, आणि मला वाटते थोडेफार शिकतातही. तरी यादी लांब आणि खुणा कमी, असे होत गेले, आणि शिवाय मुलांना रोज जायला-यायला एसटी कुठवर आहे हेही पाहावे लागते.

अडलो ते त्या पहिल्या शाळेपाशी. तिथल्या मोठ्या गुरुजींइतका वाचन शिकवणारा माणूस या केंद्रात दुसरा नाही, हे मी माझ्या जबाबदारीवर लिहून देईन. घरी मराठी न बोलणारी मुले त्यांच्या वर्गात दिवाळीपर्यंत वाचायला लागतात. कशी, हे त्यांना विचारले तर ते नीट सांगू शकत नाहीत, त्यांच्याबरोबर बसावे लागते, आणि ते बसतात पानठेल्यावर. मी त्यांच्याशी बोललो. ते रागावले नाहीत. म्हणाले, "सर, खरं हाय तुमचं. मी पोरायले देनार नाई आता." मग हसून, "पन मी खाईन तं ते पाहीनच ना?" आपले वय आणि आपली सवय यांच्याबद्दल त्यांना खोटे बोलायचे नव्हते. चहाचे मी सुचवले. चहाने पित्त होते, म्हणाले.

यादी कच्ची झाल्याचे कळले तसा तो छात्राध्यापक माझ्या टेबलाशी आला. दुसऱ्या टप्प्याची आंतरवासिता त्याला त्याच शाळेत हवी आहे. "सर, पयलीचा वर्ग मोठे गुरुजी मले देतो म्हनले," त्याने सांगितले. "वाचनाचं सारं शिकवतो म्हनले. खर्रा मी सोडला, सर." केव्हा सोडला, असे मी विचारले. सोमवारी, म्हणाला. मी त्याच्या नावापुढे त्या शाळेचे नाव पेन्सिलने लिहिले आहे आणि शेजारी चहाची किटली ठेवणाऱ्या गुरुजींच्या शाळेचेही. दोन्ही शाळांच्या मधे एक ओढा आणि सहा किलोमीटर अंतर आहे, आठवड्यातले तीन-तीन दिवस वाटून देता येतील का, हे केंद्रप्रमुखांना विचारायचे आहे. यादी शनिवारपर्यंत पंचायत समितीत पोहोचली पाहिजे.